शस्त्रपूजा आणि शस्त्रशुद्धी



१८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जयिनीहून ग्वाल्हेरच्या लष्कर या छावणीत हलविली, तरी जी मराठी घराणी क्षिप्रेकाठी राहिली त्यांतील काहींच्या कपाटात एखादी दुनळी बंदूक आजही परवान्यासह नांदत आहे, आणि खंडेनवमीस तिला हळदकुंकू व झेंडूचे फूल वाहिले जाते. हा मुहूर्त मला शहाणपणाचा वाटतो, कारण माळव्याच्या पावसाळ्यानंतर लोखंडाची विचारपूस करण्याची खरी वेळ तीच. मात्र ओले कुंकू आणि फुले पोलादावर रात्रभर तशीच राहू देणे म्हणजे गंजाला पाट मांडून बसविणे होय.

महादजी शिंद्यांच्या कंपूसाठी आग्र्यास सँगस्टर नावाचा स्कॉट कारागीर तोफा-बंदुका तयार करी, त्या काळची काळी दारू शोरा, गंधक आणि कोळसा यांची असे. ती जळाल्यावर तिचा निम्म्याच्या आसपास भाग घनरूप होई, त्यातला काही नळीत उरे, हवेतील ओल शोषी आणि नळी खाऊ लागे, म्हणून कढत पाण्याने नळी धुऊन, पुसून, मग तेल देण्याची रीत पडली. १८८४ साली फ्रान्समध्ये व्येल याने बिनधुराची दारू सिद्ध केल्यावर पाण्याचे काम संपले असे लोक समजले. परंतु काडतुसाच्या टोपीतील क्लोरेटापासून जो क्षार उरे तो तेलात विरघळत नसे, आणि वरून तेलाने चकाकणारी नळी आतून सडत राही. आजच्या बहुतेक काडतुसांत तो दोष नाही. आजोबांच्या पेटीतली मात्र न वापरणेच इष्ट.

परंतु गंजाने नळी जाते, निष्काळजीपणाने माणूस जातो. बंदूक साफ करताना झालेल्या अपघातानंतर बहुधा एकच वाक्य ऐकू येते, ‘ती रिकामी होती’; म्हणून काडतुसे आधी दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवावीत, तोंड निर्जन दिशेला करून बंदूक मधून मोडून उघडावी, काडतुसांची दोन्ही घरे डोळ्यांनी पाहावीत आणि बोटाने चाचपावीत, दुसऱ्याने आताच आपल्यासमक्ष पाहिले असले तरीही. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्याच्या मालखान्यात जमा केलेली बंदूक परत आली, की तिलाही हाच नियम. मुलांना बाहेर धाडावे, खिडकी उघडावी, जवळपास शेगडी नसावी, कारण साफ करण्याची द्रव्ये ज्वालाग्राही असतात. आणि चहाचा पेलाही दूर असावा, कारण नळीतून शिसे निघते व ते हातावाटे पोटात जाते. शेवटी साबणाने हात धुवावेत.

गज घालावा तो काडतुसाच्या बाजूने, तोंडाच्या बाजूने नव्हे, नाहीतर तोंडाची कड झिजते. फडक्याचे तुकडे मोजून घालावेत आणि मोजून काढावेत. आत राहिलेली एक चिंधी पुढल्या बाराच्या वेळी नळी फाडावयास पुरेशी आहे. आपल्याकडे कुंभारीण माशी कोणत्याही भोकात मातीचे घर बांधते, म्हणून महिनोन्महिने न हाताळलेली नळी दस्त्यापासून सोडवून उजेडाकडे धरून पाहिल्याखेरीज तिचा भरवसा धरू नये. तेल पातळ आणि बेताचे असावे. ते ओघळून लाकडात मुरले म्हणजे दस्ता नरम पडतो. कातडी म्यानात बंदूक दीर्घकाळ ठेवण्याची हौस तर सोडूनच द्यावी, कारण कातडे ओल धरून बसते.

चाप आणि घोडा यांच्या यंत्रात मात्र हात घालू नये. घरोघरी पेचकस घेऊन बसणारा एखादा हुशार मेहुणा असतोच. त्याला पंखा द्यावा, बंदूक देऊ नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमान्वये दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, तेव्हा परवानाधारक कारागिराकडेच जावे.

वडीलधारी व्यक्ती निवर्तली की परवाना वारसाहक्काने चालत नाही. वारसाने स्वतंत्र अर्ज करावयाचा असतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. अशा वेळी ज्या वारसाने बंदूक कधी हाताळली नाही त्याने ती पुसण्याच्या भरीस न पडता कपाटास कुलूप लावून ठाण्यास वर्दी द्यावी, आणि ती भरलेली आहे असे गृहीत धरूनच तसे सांगावे.