रिकाम्या घरातील मेन स्विच

(रंगकाम व दुरुस्ती कामगारांच्या मेळाव्यातील भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने मेन स्विचवर का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. लाभ कोणी घ्यावा आणि धोका कोणी पत्करावा, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे.

२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. भाड्याची घरेही त्यांत आली. एक भाडेकरू जातो, दुसरा यावयाचा असतो. मधल्या आठ-पंधरा दिवसांत रंगारी, प्लंबर, वायरमन आणि सफाई करणाऱ्या बाया तेथे राबतात. मालक परगावी, एजंटाला घाई, किल्ली पहारेकऱ्याकडे. घरातील विजेची खोड ठाऊक असलेला भाडेकरू निघून गेलेला असतो.

भाडेकरूचे वीज-पाणी मालकाने तोडू नये, असे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ सांगते. ते योग्यच आहे. परंतु घर रिकामे असताना तेथे राबणाऱ्याचे काय? इमारत कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याची चौकट दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनेची होती. एक रंगारी आणि त्याचा मदतनीस तिच्यात कोठून बसणार?

म्हणून काही गोष्टी आपणच रूढ केल्या पाहिजेत. भिंतीवरचे बटण एकच तार तोडते. जोडणी उलटी असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर काही पॉइंट चालू ठेवतो. तेव्हा टेस्टर आधी चालू पॉइंटवर पारखावा, मग मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत, आणि कामाच्या जागी वीज नाही याची खात्री करूनच तारेला हात लावावा. मेन तळमजल्यावर असेल तर त्यास कुलूप लावून किल्ली खिशात ठेवावी; कुलपाची सोय नसेल तर तेथे माणूस उभा करावा. पाण्याचेही तसेच. कोरड्या नळाची तोटी उघडी राहिली, की रात्री पाणी सुटल्यावर खालच्या घराचे छत गळते, आणि भरपाई मजुराच्या रोजातून कापली जाते.

मात्र सावधगिरीचा सारा भार मजुरावर टाकणे हा न्याय नव्हे. मालकाने वा त्याच्या प्रतिनिधीने काम सुरू होण्यापूर्वी मेन, इन्व्हर्टर व पाण्याचे कॉक दाखवावेत. काम संपेपर्यंत मेन चालू-बंद करण्याचा अधिकार काम करणाऱ्याचाच असावा. वीज बंद ठेवल्याने काम लांबले, तर त्या वेळेचा रोज कापू नये. असा ठराव प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत मांडावा. आपल्यापैकीही काहीजण घरमालक आहेत. त्यांनी ठरावाची वाट न पाहता स्वतःच्या घरापासून आरंभ करावा, एवढीच विनंती.