पंचमीचा खेळ बसवताना



नागपंचमी जवळ आली की बचत गटाच्या बैठकीत हिशेब लवकर उरकतो आणि टिपऱ्या निघतात. पण खेळतात आठ-दहा जणी. बाकीच्या ओट्यावर बसून बघतात, "मला नाही जमत गं" म्हणतात. नवी सून तर पुढं यायलाच लाजते, कोणी हसलं तर? मला वाटतं, आपण खेळच एकदम अवघड जागेपासून सुरू करतो.

जपानच्या कोनामी कंपनीनं १९९८ मध्ये पायानं खेळायचा तालाचा खेळ काढला. पडद्यावर बाण येतो, त्या बाजूला तालावर पाय टाकायचा. गाणं तेच, पण नवख्याला पावलं थोडी, सरावलेल्याला जास्त. आपल्या फेरातही हे करता येतं.

टिपरीचंच घ्या. चार मात्रा मोजा. एकला आपल्या दोन टिपऱ्या एकमेकींवर, तीनला जोडीदारणीच्या टिपरीवर. दोन आणि चार मोकळे. आधी जागेवर उभं राहूनच. हात बसला की पाऊल जोडा, पाऊल बसलं की गाण्याच्या ओळीला जोडी बदला. लय सगळ्यात शेवटी वाढवा. नवं पाऊल आणि वाढती लय एकदम आणली की फेर तुटलाच म्हणून समजा.

चुका कुठं होतात ते बघत राहा. एकटीच चुकत असेल तर तिला सरावलेल्या बाईसमोर उभी करा. सगळ्याच एका जागी अडखळत असतील तर ती जागाच बदला. तिथं हट्ट करू नका. अवघड वळणानंतर दोन ओळी नुसत्या टाळीच्या ठेवा, दम खायला. (दम लागतो हे कोणी कबूल करत नाही, ते सोडा.)

गुडघे दुखणाऱ्या आजीनं बसूनच एक आणि तीनला टिपरी वाजवावी. ताल तोच, म्हणून ती खेळातच आहे. गरोदर बाईला फुगडीचा आग्रह नको, तिलाही टिपरीच द्या.

एवढं बसलं की गोफ. दोऱ्यांची संख्या सम ठेवा. निम्म्या जणी उजवीकडून, निम्म्या डावीकडून; समोरून येणारीच्या एकदा आतून, एकदा बाहेरून जायचं. पहिल्यांदा चौघीच घ्या, गाण्याशिवाय, नुसतं मोजत. आणि विणलेला गोफ उलट्या फेरानं उकलायचा सरावही तितकाच करा, खरी गुंतागुंत तिथंच होते.