पोस्ट नऊला गेली, आपण कुठं होतो?



शिरपूरच्या एका कार्यकर्त्याने मघाशी विचारलं, "पोस्ट शेड्यूल केली की रीच कमी होते का?" मला तसं वाटत नाही. पेजसाठी ही सोय फेसबुकने २०१२ मध्ये स्वतःच दिली, इन्स्टाग्रामने २०२२ मध्ये. बाहेरची अ‍ॅपही त्यांनीच उघडून दिलेल्या वाटेने पोस्ट टाकतात. घोळ दुसरीकडे आहे.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला. त्या दिवसाची आमची पोस्ट सकाळी नऊला आपोआप गेली. आम्ही सगळे कामावर. थोड्या वेळात एका बहिणीने खाली विचारलं, "फोनवर तीनदा तलाक म्हणाला. आता मी कुठं जाऊ?" असा तलाक २०१९च्या कायद्याने रद्दबातल आहे, निर्वाह भत्ता मागता येतो. एवढं सांगायलाही कुणी नव्हतं. शिव्या द्यायला मात्र बरेच होते. रात्री इशानंतर फोन उघडला, तर तिचा प्रश्न तिथं नव्हता. तिने काढून टाकला होता. आणि रीच? नेहमीपेक्षा जास्त! शिव्यांनीही कमेंट वाढतातच.

आता आम्ही रात्री साडेनऊची वेळ लावतो. तासभर दोघी जणी फोन घेऊन बसतात. शिरपुरातून कोण बसणार, तेवढं आज ठरवू.