घटलेल्या प्रवाहाचे कारण

मिथेनॉलवर चालणाऱ्या इंधन-घटात प्लॅटिनमचे विद्युतअग्र, म्हणजेच इलेक्ट्रोड, लवकरच मंदावते. प्रवाह घटला हे मापक सांगतो. का घटला, हे सांगत नाही. पृष्ठभागाला नेमके काय चिकटते, यावर रसायनशास्त्रज्ञांत मतभेद होते.

निवाडा अवरक्त किरणांनी केला. रेणूतील बंध ठरावीक कंप्रतेने कंप पावतात आणि त्याच कंप्रतेचे किरण शोषतात. त्यावरून रेणू ओळखता येतो. अडचण पाण्याची, कारण तेही हे किरण भरपूर शोषते. म्हणून विद्युतअग्र खिडकीजवळ आणून मधला द्रवाचा थर काही मायक्रोमीटरच ठेवतात. मग दोन विद्युतदाबांना मिळालेल्या वर्णपटांची वजाबाकी करतात. न बदललेले पाणी वजा होते. पृष्ठभागावरचा बदल उरतो.

1981 साली बेडेन, लामी, बेविक आणि कुनिमात्सू यांनी याच रीतीने प्लॅटिनमला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड दाखवून दिला. रुथेनियमची जोड का उपकारक ठरते, हेही त्यातून उमगते: ते कमी विद्युतदाबालाच पाण्यातील ऑक्सिजन पुरवते आणि कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड होऊन पृष्ठभाग मोकळा होतो.

गुणपत्रिकेतील घटलेला आकडाही असाच असतो. तो पाहून विद्यार्थ्याला दोष देण्याआधी, त्याची वाट कशाने अडली आहे, हे शोधणारी दृष्टी म्हणजेच शिक्षण.