कोणतं हार्मोन, ते आधी सांगा

पाल गावाच्या रस्त्याने सातपुड्यात शिरलं की झुडपांवर चढलेली एक काटेरी, नाजूक वेल दिसते. तिची सुईसारखी पानं ही खरं तर पानं नव्हेत, बदललेल्या फांद्या आहेत. खाली जमिनीत बोटाएवढ्या पांढुरक्या मुळ्यांचा झुबका असतो. ही शतावरी. लग्नातल्या फुलांच्या गुच्छात जी खोचतात ती शोभेची शतावरी वेगळी. कुंडीतली उपटून काढा करू नका. तसं विचारणारे भेटतात, म्हणून सांगते.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून शतावरी कल्प देणं आपल्याकडे जुनंच. आता त्याच कल्पाचा डबा पाळी चुकणाऱ्या कॉलेजातल्या मुलीच्या आणि चाळिशी ओलांडलेल्या तिच्या आईच्याही हातात आहे, कारण मोबाइलवर कुणीतरी म्हटलंय, ‘हार्मोन बॅलन्स होतो’. मी वैद्य आहे, शतावरी देते. पण ‘बॅलन्स’ ऐकलं की विचारते, बाई, कोणतं हार्मोन?

थायरॉइड कमी पडला तरी पाळी बिघडते. दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढलं तरी बिघडते. पीसीओएसमध्ये पुरुषी हार्मोन वाढलेलं असतं, बऱ्याच जणींत इन्सुलिनचं कामही नीट होत नाही. आणि लग्न झालेल्या बाईची पाळी चुकली, तर दिवस गेलेत का हे आधी बघायचं, डबा नंतर उघडायचा. कारणं इतकी निराळी, मग सगळ्यांना एकच चमचा कसा पुरेल?

पीसीओएसवाल्या मुलींनी तर डब्याची मागची बाजू वाचावीच. कल्पात बहुतेक भाग साखरेचा असतो. जिला गोड कमी करायला सांगितलंय, ती दुधात दोन चमचे साखर ढवळून औषध घेतल्याचं समाधान मानते! तिला द्यायचीच तर शतावरीचं साधं चूर्ण द्यावं. तेही वैद्याने माप ठरवून.

पुरावा काय म्हणतो? दुधाच्या बाबतीतही तो एकमुखी नाही. 1996 साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये छापलेल्या चाचणीत शतावरी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मातांच्या प्रोलॅक्टिनमध्ये फरक दिसला नाही. 2011 साली 60 मातांवरच्या दुसऱ्या चाचणीत ते वाढलेलं दिसलं. दोन्ही चाचण्या लहान. म्हणून मी शतावरीला खोटी म्हणत नाही आणि रामबाणही म्हणत नाही.

‘झाडपाला आहे, काय बिघडणार?’ हे वाक्य मात्र मला चालत नाही. शतावरीच्या मुळात शतावरीन नावाची सॅपोनिनं असतात आणि तिचा काही परिणाम इस्ट्रोजेनसारखा असू शकतो असं मानलं जातं. म्हणून स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेल्या बाईने ती मनाने घेऊ नये. गरोदरपणातही नको. साखरेच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला. तिची सखी म्हणून विकली जाणारी अश्वगंधा थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते; थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्यापासून जपावं. चालू गोळी बंद करून मुळी सुरू करणं हा तर सरळ धोका.

कायद्याचंही सांगते. पाळीच्या तक्रारी दूर करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने आपल्या देशात बंदी आहे. मोबाइलवर तसं छातीठोक सांगणारा माणूस दिसला, तर तो काय विकतोय एवढं बघा.

आज घरी गेल्यावर डबा उलटा करा. परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि साखर किती, हे वाचा. यातलं काही छापलेलंच नसेल तर डबा बाजूला ठेवा. असेल तर डॉक्टरांकडे किंवा वैद्याकडे जाताना डबा आणि चालू गोळ्या एकाच पिशवीत घालून न्या.