खडीच्या वाटेवरची सायकल

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाभोवती फ्लिंट टेकड्यांचा मुलूख पसरला आहे. तेथील रस्ते चकमकीच्या धारदार खडीचे. २००६ साली तेथे सुमारे ३२० किलोमीटरची सायकल-शर्यत सुरू झाली.

श्रोतेहो, अशा वाटेसाठी सायकल जुळविणारा कारागीर प्रथम चाकाकडे पाहतो. टायर चाळीस मिलिमीटर रुंद, हवा बेताची. मग चाक खडीवर उडत नाही, तिला बिलगून चालते. रिमवर घासणारा जुना ब्रेक चिखलात दगा देतो; म्हणून चाकाच्या मध्याशी पोलादी चकती बसवितात.

खरी कसोटी पुढेच असते. चकती दोन घासपट्ट्यांच्या मधोमध फिरली पाहिजे. कारागीर ब्रेकच्या चिमट्याचे दोन्ही स्क्रू किंचित सैल करतो, ब्रेकची मूठ दाबून धरतो आणि तशीच धरून स्क्रू पुन्हा आवळतो. तेलाचे बोट चकतीला लागता कामा नये. त्याने पट्ट्यांची पकडच जाते. शिवाय नव्या पट्ट्या वीसेक वेळा वेग घेऊन, तो हळूहळू आवरून मुरवाव्या लागतात.

काम कंटाळवाणे खरे. परंतु उतारावर अकस्मात गुरे आडवी आली, की स्वाराचा जीव त्या जुळवणीवरच अवलंबून असतो. ज्याला थांबता येते, त्यालाच वेग शोभतो.