गळ्यातलं चारशे वर्षांपूर्वीचं नाणं

हेडफोन लावलेत? आज एका पेंडंटबद्दल बोलायचंय.

परवा मोबाईलवर ते दिसलं. चांदीचं वेडंवाकडं नाणं, कडा झिजलेल्या, भोवती सोन्याचं कोंदण. खाली लिहिलेलं, ‘आतोचा जहाजातलं नाणं’. किंमत बघितली आणि म्हटलं, एवढ्या तुटक्या नाण्याला एवढे पैसे? मग शोधतच बसलो.

आतोचा हे स्पेनचं जहाज. अमेरिकेतली चांदी-सोनं भरून सप्टेंबर १६२२ मध्ये ते क्यूबातल्या हवानाहून निघालं आणि दोनच दिवसांत फ्लोरिडाजवळ वादळात बुडालं. जहाजावर २६५ माणसं होती, वाचली फक्त ५.

पुढे मेल फिशर नावाच्या माणसाने ते शोधायचा ध्यास घेतला. तब्बल १६ वर्षं! १९७५ च्या जुलैत त्याच्या मुलाला, डर्कला, आतोचाच्या तोफा सापडल्या. काही दिवसांतच रात्री त्यांची बोट उलटली. डर्क, त्याची बायको आणि एक पाणबुड्या, तिघंही गेले. तरी बाप थांबला नाही. २० जुलै १९८५ ला खजिन्याचा मोठा साठा हाती लागला.

आता ते नाणं असं वेडंवाकडं का? तर ते मशीनवर पाडलेलंच नाही. चांदीचा तुकडा कापायचा, ठशावर ठेवून हातोडा मारायचा आणि वजन जास्त भरलं तर कडा छाटायच्या. आठ रेआलचं नाणं साधारण २७ ग्रॅमचं. एका बाजूला राजाची ढाल, दुसरीकडे क्रूस. त्यात भर समुद्राची: खाऱ्या पाण्यात चांदी काळी पडते, झिजते. ढिगाच्या मधली नाणी बरी राहिली, बाहेरची पार पातळ झाली.

म्हणून घेणार असाल तर तीन गोष्टी विचारा. एक, हे मूळ नाणं आहे, की आतोचाची चांदी वितळवून नव्याने पाडलेली नक्कल? दोन्ही विकतात, पण दोन्ही एक नव्हेत. दोन, त्याच नाण्याचा फोटो आणि वजन असलेलं प्रमाणपत्र आहे का? तीन, नाण्याला भोक पाडलंय किंवा डाख दिलाय का? चांगलं कोंदण नाण्याला नुसतं धरून ठेवतं, इजा करत नाही.

पण एक गोष्ट प्रमाणपत्रावर नसते. यातली बरीच नाणी पोतोसीची, म्हणजे आजच्या बोलिव्हियातली. तिथल्या डोंगरातल्या खाणीत आसपासच्या गावांतल्या मूळ रहिवाशांना पाळीपाळीने सक्तीने राबायला नेत. किती जण तिथे मेले असतील! जहाजाची गोष्ट दुकानदार रंगवून सांगतो. खाणीची मात्र कुणी सांगत नाही.

आपल्याकडेही नाण्यांचे दागिने नवे नाहीत. पुतळ्यांची माळ आजीकडे पाहिली असेल. पण आजीला निदान ती कुणी घडवली, कुणी दिली, हे माहीत असतं.

मी ते पेंडंट घेतलं नाही. परवडलं नाही, हे खरं कारण! पण कधी घेतलंच, आणि कुणी विचारलं, ‘काय आहे रे हे?’ तर मी आधी पोतोसीचं नाव घेईन, मग जहाजाचं.

तुमच्या घरात असा नाण्याचा दागिना आहे? त्याची गोष्ट घरच्यांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!